चोडणला पक्षी पाहायला जाताय? आधी तिथी, मग तिकीट

पाऊस ओसरला की गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या चोडण बेटावर उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरू लागतात. बेटाच्या पश्चिम टोकावरचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली जाहीर झाले. क्षेत्रफळ जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, आणि त्यातही बहुतेक खारफुटीच. मुंबई-ठाण्याहून शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी परतता येते, त्यामुळे सात-आठ जणांच्या गटाला ही सहल सोयीची आहे. मात्र पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हे निघण्याआधीच ठरवायला हवे.

तारीख कशी निवडाल?

भरतीचे पाणी खारफुटीच्या चिंचोळ्या वाटांत शिरते, तेव्हाच बोट आत जाऊ शकते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि टिलवा, तुतवार, चिखल्या हे काठावरचे पक्षी चरायला उतरतात. वेळ चुकली तर बोटीचे भाडे भरूनही हाती फारसे लागत नाही.

कोकणातला जुना ठोकताळा इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. म्हणजे दशमी ते द्वादशीच्या आसपासचा शनिवार-रविवार धरला, तर सकाळी भरतीला बोट आणि दुपारनंतर उघड्या चिखलावरचे पक्षी, दोन्ही एकाच दिवशी साधते. हा अंदाज झाला; पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि बोटवाल्याला विचारूनच ठरवा.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा काळ चांगला. दिवाळीचा आठवडा टाळा, कारण तेव्हा खोल्या आणि गाड्या दोन्ही महाग होतात. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही बरेच दिवस चालू असते आणि त्यात गाड्यांना वेळ जास्त लागतो, हेही लक्षात घ्या.

आठ जणांचा हिशेब

खालचे दर नियोजनासाठी धरलेले आहेत. चौकशीत मिळालेला आकडा त्या जागी घाला. हिशेबाची रीत तीच राहील. रक्कम माणशी आहे.

- रेल्वे, थ्री टियर एसी, जाऊन-येऊन: २,४०० रुपये
- खोली, एक रात्र (दोघांत एक, २,००० रुपये अधिक ५ टक्के जीएसटी): १,०५० रुपये
- बारा आसनी गाडी, दोन दिवस (एकूण ११,०००): १,३७५ रुपये
- दोन बोटी, एक फेरी (एकूण ३,०००): ३७५ रुपये
- स्थानिक पक्षी-मार्गदर्शक, दोन दिवस (एकूण ८,०००): १,००० रुपये
- जेवणखाण: १,६०० रुपये
- प्रवेश, कॅमेरा शुल्क, किरकोळ: २०० रुपये

एकूण ८,००० रुपये. वर दहा टक्के हाताशी ठेवा, म्हणजे माणशी ८,८०० रुपये गोळा करा आणि उरलेले परत द्या.

यात गाडी, बोट आणि मार्गदर्शक मिळून २२,००० रुपये माणसे कमी झाली तरी तसेच राहतात. ऐनवेळी दोघे गळाले, तर उरलेल्या सहा जणांवर प्रत्येकी ९०० रुपयांहून जास्त भार पडतो. म्हणून नाव देतानाच या खर्चाचा वाटा, म्हणजे २,७५० रुपये, आगाऊ घ्या आणि बदली माणूस मिळाला तरच तो परत मिळेल, हे सर्वांना आधीच सांगा. यावरून मैत्री तुटण्यापेक्षा हे स्पष्ट बोललेले बरे.

कुठे वाचवाल?

स्लीपरने गेलात तर जाण्यायेण्यात माणशी साधारण दीड हजार वाचतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच नावे बसतात, तेव्हा आठ जणांची दोन तिकिटे काढावी लागतील.

करमळी स्थानकावर उतरा. करमळीचे तळे तिथून अगदी जवळ आहे. रस्त्याच्या कडेनेच अडई, हळदी-कुंकू बदक, कमळपक्षी दिसतात. त्याला तिकीट नाही. रायबंदरच्या धक्क्यावर गाडी ठेवून फेरीबोटीने पायीच पलीकडे जा. अभयारण्याचे प्रवेशद्वार चोडणच्या धक्क्याजवळच आहे, त्यामुळे बेटावर गाडी नेण्याची गरज नाही.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. बरी दुर्बीण आठ ते बारा हजारांच्या घरात जाते. पहिल्या सहलीला दोघांत एक उसनी चालेल. पुढे घ्यायची झाली तर ८×४२ घ्या: प्रतिमा कमी हलते आणि पहाटेच्या अंधुक उजेडातही स्पष्ट दिसते.

कुठे वाचवू नये?

आठ जणांना एकाच बोटीत कोंबून दीड हजार वाचवू नका. चौघांची वल्ह्याची छोटी बोट तिवरांच्या फांद्यांखालून आत सरकते. वल्हे थांबले की चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात आणि श्वासमुळांवर बसलेला, मानेभोवती पांढरी पट्टी असलेला खाडीतला खंड्या पाच-सहा हातांवर येईपर्यंत हलत नाही. इंजिनाच्या मोठ्या बोटीतून तो उडून जाताना तेवढा दिसतो.

मार्गदर्शकही हवाच. दूरच्या चिखलावरचे करडे-तपकिरी पक्षी नवख्याला सगळे सारखेच वाटतात. ठरवताना चार गोष्टी विचारा: स्पॉटिंग स्कोप सोबत आणणार का, बोटीचे भाडे त्याच्या शुल्कात धरले आहे का, भरतीची वेळ पाहून कार्यक्रम आखला आहे का, आणि पक्ष्यांना बोलवायला मोबाइलवर आवाज वाजवतो का? शेवटच्याला ‘हो’ असेल तर दुसरा मार्गदर्शक पाहा. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला खाण्याची आणि विसाव्याची गरज असते, खोट्या हाकेची नाही.

निघण्याआधी

दोन महिने आधी तिथी पाहून तारीख ठरवा, आगाऊ रक्कम घ्या आणि तिकिटे काढा. महिनाभर आधी मार्गदर्शक आणि खोल्या पक्क्या करा. आठवडाभर आधी बोटवाल्याशी भरतीची वेळ ताडून घ्या आणि वनविभागाचे प्रवेश शुल्क विचारा. बोटवाल्याचे पैसे त्याच्याच हातात, ठरले तेवढे पूर्ण द्या. खारफुटीतल्या वाटा त्याला पाठ आहेत. ही खारफुटी राखण्यात त्याचे पोट भरत राहिले, तरच पुढच्या वर्षी तुम्हाला पक्षी दिसतील.