जस्ताच्या गाडीचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा भाव म्हणजे झालेल्या सौद्याचा भाव. शेतकऱ्याच्या मनात किती होते आणि व्यापारी आदल्या दिवशी काय बोलला होता, याला तिथे कोणी भाव म्हणत नाही. जुन्या डायकास्ट गाड्या, म्हणजे मॅचबॉक्स, डिंकी, कॉर्गी, हॉट व्हील्स यांसारख्या ओतीव धातूच्या खेळण्यातल्या गाड्या घेताना नेमका हाच साधा नियम आपण विसरतो. मोबाइलवर एखाद्या चेपलेल्या लॉरीखाली कोणीतरी वीस हजारांचा आकडा टाकतो. लॉरी वर्षभर विकली जात नाही, पण पाहणाऱ्याच्या डोक्यात तोच तिचा भाव म्हणून बसतो आणि पुढचा व्यवहार त्यावरून होतो. मीही या गाड्या जमवणाऱ्यांपैकीच आहे आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच नव्याने या नादाला लागलेल्या सातारा-सांगलीकडच्या तरुणांना सांगावेसे वाटते, की हौस म्हणून घेतलेली गाडी आनंद देते, पण गुंतवणूक म्हणून घेतलेली बहुतेक वेळा निराश करते. याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण धातूतच आहे. विटा-खानापूर भागातली गलाईवाली माणसे देशभर सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करतात. दागिन्याची घडण मोडली तरी सोने उरते आणि त्याला वजनावर भाव मिळतो, हे त्या व्यवसायाचे मूळ. डायकास्ट गाडीत असे काही उरत नाही. ती जस्ताची, चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम मिसळलेली. वितळवली तर हाती चिल्लर येईल. तिची सगळी किंमत वरच्या रंगात, चाकांत, मूळच्या खोक्यात आणि सर्वांत जास्त म्हणजे ती हवी असणाऱ्या माणसात असते. आणि माणसे पिढ्यांनी बदलतात. लहानपणी जी गाडी हातात होती किंवा दुकानाच्या काचेआड पाहून सोडावी लागली होती, ती माणूस पन्नाशीच्या आसपास, खिसा भरल्यावर शोधू लागतो. लिव्हरपूलचा डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, मॅचबॉक्सची लेस्नी कंपनी १९८२ मध्ये आणि कॉर्गीची मेटॉय १९८३ मध्ये बुडाली. त्यानंतर त्या गाड्यांना भाव चढला, कारण त्यांच्याशी खेळलेली पिढी तेव्हा कमावती होती. आज त्याच पिढीचे संग्रह लिलावात येत आहेत आणि घेणारे कमी झाले आहेत. खोक्यासकट, ओरखडा नसलेला नग अजून भाव टिकवून आहे, पण साध्या, खेळून झिजलेल्या डिंकीला पूर्वीची मागणी नाही. मागणी सरकली आहे ती १९६८ ते १९७७ या काळातल्या, टायरवर लाल रेघ असलेल्या हॉट व्हील्सकडे. उद्या तीही पुढे सरकेल.

यावर लोक हटकून हॉट व्हील्सच्या गुलाबी बीच बॉम्बचे उदाहरण देतात. १९६९ ची ती छोटी फोक्सवॅगन व्हॅन, मागच्या खिडकीतून बाहेर डोकावणाऱ्या सर्फिंगच्या फळ्या, आणि हजारो डॉलरमध्ये सांगितली जाणारी किंमत. पण ती गाडी दुकानात कधी आलीच नाही. ती चाचणीचा नमुना होती. अरुंद असल्याने रुळावरून नीट धावेना, म्हणून कंपनीने फळ्या बाजूला घेऊन रुंद गाडी काढली आणि बाजारात तीच गेली. न विकलेल्या नमुन्याच्या किमतीवरून दुकानातल्या पुड्याचे भविष्य सांगता येत नाही. १९९५ मध्ये हॉट व्हील्सने ‘ट्रेझर हंट’ ही मालिका काढली, तेव्हा १२ गाड्या आणि प्रत्येकीचे १०,००० नग होते. त्या अनेकांनी फोडून मुलांना दिल्या, कारण जपून ठेवायच्या हे सगळ्यांना ठाऊक नव्हते. आज सगळ्यांनाच ठाऊक आहे. दोनशे रुपयांच्या आसपासची गाडी दुकान उघडताच उचलून दुप्पट-तिप्पट भावाने विकणारे आहेत आणि पुडा न फोडता कपाटात ठेवणारे तर घरोघर आहेत. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होणार कशी? ‘पण आपल्याकडे भाव वाढलाच ना?’ असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले, १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले, २०२३ मध्ये शुल्क ७० टक्क्यांवर गेले. अशा नियमांनी टंचाई येते तशीच नियम बदलल्यावर ती जातेही. तिच्या भरवशावर साठा करू नये.

दुसरा आक्षेप असा, की वीस-तीस वर्षे धीर धरला तर फळ मिळेलच. साठवून भावाची वाट पाहणे आपल्या भागाला नवे नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. तरीही २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा सांगलीत शिरली. पुठ्ठ्याच्या खोक्याला तर पूरही लागत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेकडचा एक पावसाळा, ओल धरलेली भिंत आणि झुरळे एवढे पुरते. खोके गेले की किमतीचा मोठा वाटा गेला. धातूलाही आतून रोग लागतो. जस्तात शिशाचा अंश मिसळला गेला असेल, तर काही वर्षांनी गाडीला बारीक चिरा पडतात, ती फुगते आणि शेवटी हातात भुगा येतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकीत हे सर्रास दिसते. दमट हवेत हा रोग लवकर वाढतो आणि त्यावर इलाज नाही. म्हणून जुनी गाडी घेताना आधी भिंग लावून दारांच्या कडा आणि तळ पाहावा. चीर दिसली तर स्वस्तातही घेऊ नये.

मग जपावे तरी काय? माझे मत स्पष्ट आहे: इथेच बनलेले. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून डिंकीचे जुने साचे कोलकात्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाल्या. कॉर्गीच्या साच्यांतून ‘मिल्टन’ आल्या, तिथलीच ‘मॅक्सवेल’ही होती, आणि पुढे ‘लिओ-मॅटेल’ नावाने भारतीय हॉट व्हील्स निघाल्या. साचे झिजलेले, ओतकाम ओबडधोबड, रंग जाड, त्यामुळे त्यांना फारसा मान मिळाला नाही. मुलांनी त्या मातीत चालवल्या, तोडल्या आणि उरलेल्या भंगारात गेल्या. टिकलेल्या थोड्या आहेत, आणि त्या जपण्याच्या हेतूने कोणी साठवल्या नव्हत्या, हेच त्यांचे मोल.

इथे एक चूक फार होते. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली प्रिया स्कूटर जुनी झाली, की लोक डेंटिंग-पेंटिंग करून घेतात आणि तिची किंमत वाढते. ते योग्यच आहे. स्कूटर चालवायची असते, तिचे भाग बदलावेच लागतात. खेळण्यातल्या गाडीचा न्याय उलटा आहे. तिच्यावर नवा रंग चढला, की कारखान्याचा रंग कायमचा गेला, आणि जाणकार घेणारा तेवढाच तर पाहत असतो.

तेव्हा आजोळच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी एखादी गाडी सापडली, तर तिला रंग देऊ नका, घासू नका, वजनावर मोडीत घालू नका. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, तळावरचे नाव वाचा, खोक्याचा फाटका तुकडा असला तरी सोबत ठेवा, आणि ती कोणाची होती, कधी घेतली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.