फाईल अर्ध्यात अडकली? आधी मूळ प्रत सांभाळा



मागच्या मार्चअखेरची गोष्ट. ग्रामसंघाची ठराव वही, कर्जवाटपाच्या नोंदी, गटांची पासबुकं, या सगळ्यांचे फोटो मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. ऑडिटसाठी ते लॅपटॉपवर हवे होते. दोन्ही मशीन एकाच घरात, एकाच वायफायवर. मी फोल्डर 'कट' केला, लॅपटॉपवर 'पेस्ट' केला आणि भाकरी टाकायला गेले. तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आल्यावर पाहते तर काही फोटो इकडं, काही तिकडं, आणि एक तर उघडतच नाही. कोणत्या गटाचं काय राहिलं हे जुळवण्यात दोन रात्री गेल्या. वह्या कपाटात होत्या म्हणून निभावलं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा पाठ.

पहिला नियम: कट नाही, कॉपी

बैठकीत बचतीची रक्कम मोजल्याशिवाय आपण वहीवर सही करतो का? नाही. तसंच इथं. नेहमी 'कॉपी' करा. नवी प्रत नीट उघडते हे पाहेपर्यंत मूळ फाईल पुसायची नाही. मग मधेच काहीही बिघडलं तरी नुकसान फक्त वेळेचं होतं, कागदांचं नाही.

घरातलं नेटवर्क म्हणजे काय?

दोन कॉम्प्युटर म्हणजे दोन घरं. राउटर म्हणजे मधली गल्ली. इंटरनेट म्हणजे गावाबाहेर जाणारा रस्ता. शेजारणीकडं वाटी द्यायला गावाबाहेर जावं लागत नाही. तसंच या कामाला इंटरनेट लागत नाही, नेटपॅकही खर्च होत नाही. पण गल्ली हवी, म्हणजे राउटर चालू हवा.

बिघाड कुठं आहे ते आधी ओळखा

स्क्रीनवर जो इंग्रजी मेसेज येतो तो बंद करू नका. वहीत उतरवून घ्या किंवा मोबाईलवर फोटो काढा. मग एक छोटी फाईल, एखादा फोटो, पाठवून बघा.

छोटी फाईल गेली तर गल्ली, दार, किल्ली ठीक आहे. दोष लाईटचा, वायफायच्या रेंजचा किंवा त्या मोठ्या फाईलचाच. छोटीही गेली नाही तर खालचे मुद्दे २, ३ आणि ४ बघा.

तपासणीची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. ही तशीच पाठ करा.

१. लाईट आणि झोप. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण लाईट गेली की राउटर बंद, म्हणजे गल्लीच बंद. शक्य असेल तर राउटरला इन्व्हर्टरवर घ्या. काम चालू असताना लॅपटॉप मिटू नका, चार्जर लावून ठेवा आणि सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद करा. मशीन झोपलं की पाठवणं थांबतं.

२. एकच गल्ली. एक मशीन राउटरवर आणि दुसरं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर ती दोन वेगळ्या गल्ल्यांत आहेत. दोघांवर वायफायचं नाव एकच दिसलं पाहिजे. राउटरचं 'गेस्ट' वायफाय वापरू नका, त्यात बहुतेक वेळा मशीन एकमेकांना दिसत नाहीत. खात्री करायची तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. घरात तो साधारण १९२.१६८.१.५ असा असतो. पहिले तीन आकडे दोघांचे सारखे हवेत, शेवटचा वेगळा.

३. दार उघडं आहे का? विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवलं असेल तर मशीन दार लावून बसतं. घरी ते 'प्रायव्हेट' करा आणि 'फाईल शेअरिंग' चालू करा. बसस्टँडवर, दुकानात, दुसऱ्याच्या वायफायवर मात्र 'पब्लिक'च ठेवा. फायरवॉल कायमची बंद करू नका.

४. किल्ली. 'ऍक्सेस डिनाइड' आलं म्हणजे दार सापडलं, पण किल्ली चुकली. इथं समोरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड लागतो. आपण रोज टाकतो तो चार आकडी पिन इथं चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, तेही विंडोज सहसा आत घेत नाही. आधी पासवर्ड लावा.

५. फाईल स्वतः. समोर जागा शिल्लक आहे का बघा. ती फाईल एक्सेलमध्ये उघडी असेल तर बंद करा. नाव छोटं ठेवा. तारीख लिहिताना तिरपी रेघ किंवा विसर्गासारखे दोन टिंब चालत नाहीत, ३१-०३ असं लिहा. प्रशिक्षणाचा व्हिडिओ पेन ड्राईव्हवर जात नसेल तर पेन ड्राईव्ह 'फॅट३२' पद्धतीचा असेल. त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल मावत नाही, जागा कितीही रिकामी असली तरी.

पुन्हा पाठवताना

सगळा फोल्डर एकदम पाठवू नका. गटागटाचा वेगळा फोल्डर करा आणि एकेक पाठवा. अडकलं तरी कुठं अडकलं ते लगेच कळतं. मशीन विचारेल, 'रिप्लेस' की 'स्किप'? नीट पोहोचलेल्या फाईलींना 'स्किप' द्या, अर्धवट राहिलेल्या फाईलीला 'रिप्लेस'. मोठं काम असेल तर राउटरजवळ बसा, किंवा दोन्ही मशीन राउटरला केबलने जोडा. केबल भिंतीतल्या वायफायसारखी कमजोर होत नाही.

शेवटी ताळा

दोन्हीकडच्या फोल्डरवर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फाईलींची संख्या आणि बाइट्सचा आकडा जुळला पाहिजे. मग चार-पाच फाईली उघडून बघा. जुळलं की एक प्रत पेन ड्राईव्हवर घेऊन कपाटात ठेवा.

आणि हे विसरू नका: त्या फोटोंमध्ये आपल्या सख्यांचे आधार नंबर आणि खाते नंबर असतात. पूर्ण ड्राईव्ह शेअर करू नका, लागतो तेवढाच एक फोल्डर करा. काम झालं की शेअरिंग बंद. विश्वासानं दिलेला कागद तसाच विश्वासानं सांभाळायचा.

पुढच्या बैठकीत करून बघा

• एक फोटो कॉपी करा, ताळा करा आणि उघडून दाखवा.
• मधेच राउटर बंद करून काय मेसेज येतो तो वहीत लिहा.
• आपल्या गटाच्या कागदांच्या किती प्रती आहेत आणि कुठं आहेत? उत्तर 'एकच' असेल तर आजच दुसरी करा.