गरम झाल्यावर अडखळणारी गाडी

सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते. पण कारखान्यावर पोचेतोवर गरम झाली, की मिसिंग मारते, काळा धूर सोडते, पेट्रोलही जादा खाते. मग आपण थेट कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर गाठून इंजिन खोलायला सांगतो. आमचे म्हणणे, जरा थांबावे.

१ भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनाने सुमारे १५ भाग हवा लागते. थंड इंजिनास पेट्रोल जादा लागते; गरम झाल्यावर ते कमी झाले पाहिजे. ते होत नाही, हेच दुखणे.

इंजिन निवल्यावर प्लग काढून बघावा. कोरडी काजळी दिसली, तर बहुधा पेट्रोल जादा जाते. एअर फिल्टर धुळीने तुंबला का, पाहावे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत चोकचे बटण आत दाबल्यावर झडप पुरी उघडते का, फ्लोटची सुई गळते का, हे तपासावे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनच्या पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर बघून घ्यावा. त्याच्या जोडाला गंज चढला, की गाडीचा संगणक इंजिन थंडच समजून पेट्रोल वाढवतो.

एवढे पाहिल्याशिवाय इंजिन खोलू नये. उसाच्या बिलाचा पैसा कष्टाचा आहे.