ऑर्किडच्या फुलावर डाग: पंप उचलण्याआधी

गणपतीपासून दिवाळीपर्यंत फुलांना मागणी असते, आणि नेमक्या याच दिवसांत कोकण-गोव्यातल्या शेडनेटमधून डागी दांडे निघू लागतात. डाग दिसला की बुरशीनाशक, ही आपली ठरलेली रीत. पण डेंड्रोबियम ऑर्किडचे फूल खराब करणाऱ्यांत बुरशीबरोबर कीड, विषाणू, गोगलगाय, ऊन आणि कधी कधी आपलीच फवारणीही असते. शिवाय उमललेल्या फुलावरचा डाग कोणत्याही औषधाने जात नाही. वाचवायच्या असतात त्या मागून येणाऱ्या कळ्या. म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्यात: डाग फुलावर नेमका कुठे आहे, तो कळीत असतानाच पडला की उमलल्यावर, आणि एकाच झाडावर आहे की सगळ्या रांगेत.

बुरशीचा डाग उमललेल्या, त्यातही जुन्या फुलांवर आधी येतो. टाचणीच्या डोक्याएवढे पाणीदार ठिपके, दोन-तीन दिवसांत तपकिरी, मग एकमेकांत मिसळलेले. एम्मा व्हाइटसारख्या पांढऱ्या जातीवर ते लगेच दिसतात. सोनियाच्या जांभळ्या पाकळीवर फूल उजेडात धरून पाहावे लागते. महाबळेश्वरसारख्या थंड हवेत किंवा पुणे-नाशिककडे हिवाळ्यात पहाटे दव धरते तेव्हा बोट्रायटिसचा संशय घ्यावा. १८ ते २२ अंश तापमान आणि ओली पाकळी त्याला मानवते. खात्री करणे सोपे आहे. डागी फूल ओलसर कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. एक-दोन दिवसांत राखाडी लव उगवली तर बोट्रायटिस. किनारपट्टीच्या उबदार पावसात मात्र कोलेटोट्रायकम, कर्व्ह्युलॅरिया यांसारख्या बुरशी जास्त त्रास देतात.

यापैकी कोणतीही बुरशी असली तरी तिला काही तास ओली पाकळी मिळावी लागते. शेडनेट ऊन अडवते, पाऊस नाही. जाळीवर प्लास्टिकचे छप्पर नसेल तर जून ते सप्टेंबर कितीही फवारले तरी पैसे पाण्यातच जातात. पाणी सकाळी द्यावे, तेही फुलांवर न मारता. संध्याकाळी झाडे कोरडी हवीत. कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे आणि सुकलेली फुले रोज वेचून शेडबाहेर न्यावीत. बाकाखाली पडलेला फुलांचा कचरा हेच बुरशीचे माहेर.

फुलकिड्यांची खूण वेगळी. पाकळीवर रंग उडाल्यासारखे चंदेरी ओरखडे, कडा तपकिरी, भिंगातून पाहिले तर विष्ठेचे काळे ठिपके. फूल पांढऱ्या कागदावर झटकले की बारीक लांबट किडे धावताना दिसतात. ते फुलाच्या आतल्या भागात दडतात, तिथे वरवरची फवारणी पोहोचत नाही. निळे चिकट सापळे लावावेत आणि खूप लागण झालेली फुले सरळ तोडून टाकावीत.

सर्वांत जास्त फसवते ती कळ्यांवरची मिजमाशी. ज्वारीवरच्या मिजमाशीच्याच कुळातली ही चिमुकली माशी कळीत अंडी घालते. कळी वेडीवाकडी होते, पिवळी पडते, गळते, आणि आपण पाणी कमी पडले की खत जास्त झाले याचा हिशोब करत बसतो. गळलेली कळी नखाने उघडून पाहावी. आत पांढरट-पिवळ्या अळ्या वळवळत असतील तर निदान झाले. या अळ्या उडी मारून खाली पडतात आणि कुंडीतल्या नारळाच्या सोडणात किंवा जमिनीत कोषात जातात. त्यामुळे तोडलेली कळी तिथेच टाकणे म्हणजे पुढची पिढी आपणच पेरणे. कळ्या थेट पिशवीत घालाव्यात, पिशवीचे तोंड बांधावे आणि नष्ट कराव्यात.

डाग दर बहराला त्याच झाडावर, जवळजवळ प्रत्येक फुलात येत असेल, पाकळीचा रंग पट्ट्यापट्ट्यांनी फुटला असेल, तर विषाणूची शंका घ्यावी. सिंबिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन नेहमीचे. यांवर औषध नाही, आणि ते पसरवतो आपल्या हातातला चाकू. दांडे कापताना प्रत्येक झाडानंतर पाते ज्योतीवर धरावे. वेळ जातो, मजूर कुरकुरतात, पण यात सूट देऊ नये. तपासणीत विषाणू निघाला तर झाड कितीही महागाचे असो, जाळावे.

पाकळीला वेडीवाकडी भोके आणि चकचकीत चिकट रेघ असेल तर रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी शोधाव्यात. भर उन्हात तेलकट फवारणी केली असेल तर दुसरा गुन्हेगार शोधू नये. डाग नसताना एकच फूल अचानक मिटले तर बहुधा परागीभवन झालेले असते. पॅकिंगच्या खोलीत सगळीच मलूल झाली तर तिथे पिकती केळी ठेवली आहेत का ते पाहावे. त्यांतून निघणारा इथिलीन वायू ऑर्किडला सोसत नाही.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्यावा. पूर्ण कुजलेले फूल नेऊ नये. नुकता डाग सुरू झालेली दोन-तीन फुले, काही कळ्या आणि एक पान कोरड्या कागदात गुंडाळावे, आणि गेल्या महिन्यात काय काय फवारले ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.