पौर्णिमेलाही तेजोमेघ!

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांचं कॅलेंडर आपल्याकडे आधीच छोटं! चार महिने पावसाळ्याचे, मग परीक्षा, आणि उरलेल्यातल्या निम्म्या रात्री चंद्र खाऊन टाकतो. चांदणं पडलं की टेलिस्कोप पेटीत, हा रिवाजच आहे. पण तेजोमेघांसाठी यावर एक उपाय आहे – नॅरोबँड फिल्टर.

चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. तो हवेत विखुरतो आणि त्यात सगळे रंग असतात. मृग नक्षत्रातल्या एम ४२ सारखा उत्सर्जन तेजोमेघ मात्र मुख्यतः ठराविक तरंगलांबींवर चमकतो : हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटर, आयनित ऑक्सिजन ५००.७, आयनित गंधक ६७१.६ व ६७३.१.

आता थोडं गणित. दृश्य प्रकाशाचा पट्टा ४०० ते ७००, म्हणजे ३०० नॅनोमीटर. ७ नॅनोमीटरचा हायड्रोजन फिल्टर लावला की आकाशाचा उजेड ढोबळमानाने ४३ पट घटतो. हायड्रोजनचा सिग्नल मात्र जवळजवळ पूर्ण मिळतो!

पण फुकट काहीच मिळत नाही. आकाश काळं झालं की कॅमेऱ्याचा स्वतःचा रीड नॉइज डोकं वर काढतो. म्हणून एकेक फ्रेम काही मिनिटांची घ्यावी लागते, आणि त्यासाठी पृथ्वीच्या फिरण्याबरोबर अचूक फिरणारं माउंट हवंच.

कुठला फिल्टर कधी वापरायचा? इथे फिजिक्सच्या पुस्तकातला रॅले उपयोगी पडतो. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. त्यामुळे ५००.७ चा प्रकाश ६५६.३ च्या मानाने सुमारे तिप्पट विखुरतो. म्हणजेच पौर्णिमेच्या आसपास हायड्रोजन किंवा गंधक घ्या, आणि ऑक्सिजन अमावास्येच्या बाजूच्या रात्रींसाठी राखून ठेवा. चंद्रापासून लांबचाच तेजोमेघ निवडा.

खिशात हात घालण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवते; शिवाय लाल पिक्सेल चारातला एकच. म्हणून मोनोक्रोम कॅमेरा उत्तम. दोन, कृत्तिकेभोवतीचा तेजोमेघ ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करतो. त्यात सगळे रंग असल्याने तिथे हा फिल्टर कामाचा नाही. देवयानी दीर्घिकेचंही बहुतांशी तसंच.

तेव्हा पुढच्या पौर्णिमेला टेलिस्कोप पेटीत ठेवू नका. गच्चीची परवानगी मात्र रेक्टर सरांकडून आधीच काढून ठेवा!