कृतीतून विज्ञान : घरच्या घरी चॉकलेट-बदाम

सुट्टीत मुलांसोबत करून पाहावा असा हा सोपा पाठ.

साहित्य : २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट, ५० ग्रॅम भाजून गार केलेले बदाम-काजूचे तुकडे.

कृती : पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करा. त्यावर कोरडं भांडं ठेवून चॉकलेट हलवत वितळवा. सुकामेवा मिसळून साच्यात ओता, २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

भांड्यात पाण्याचा थेंब पडला, तर चॉकलेट घट्ट, रवाळ होतं. का बरं? साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. चमचाभर चॉकलेटवर हे मुलांना करून बघू द्या.

वर्गात वाटण्याआधी मात्र पालकांना विचाराच : काजू, बदाम, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का? एखाद्याला छोटा तुकडाही जिवावर बेतू शकतो. वरचे काजू काढून देणं पुरेसं नाही. अशा मुलासाठी दुसराच खाऊ आणा.