धाप लागते म्हणून चालणे सोडावे काय?

प्रश्न : माझ्या ६६ वर्षांच्या वडिलांना सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार) आहे. धाप लागते म्हणून त्यांनी फिरणे बंद केले. व्यायामाने व्याधी बळावेल काय?

उत्तर : आपली चिंता स्वाभाविक आहे, परंतु धापेच्या भयाने हालचाल टाळावी, त्यामुळे मांड्यांचे स्नायू क्षीण व्हावेत, आणि क्षीण स्नायूंमुळे थोड्याशा श्रमानेही धाप अधिकच लागावी, या दुष्टचक्रातच अशा रुग्णाचे खरे नुकसान होते. व्यायामाने फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही, हे खरे. तथापि स्नायूंना बळ येऊन श्वासाचा त्रास निश्चितपणे उणावतो आणि मनाची उमेद वाढते.

प्रथम छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी करवून घ्यावी. नंतर त्यांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान ६ ते ८ आठवडे, चालणे आणि हातापायांचे बळ वाढवणारे व्यायाम करावेत. शून्य ते दहा या मापावर धाप चार ते सहाच्या दरम्यान राहील इतकाच वेग ठेवावा. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून तो सावकाश सोडावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्क्यांखाली उतरले, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना कळवावे.

मुदत संपल्यावरही हा परिपाठ सोडू नये, कारण सराव तुटताच कमावलेले बळ ओसरू लागते.